जिनातला बगीचा

पाहुण्यांना गावातलं काय दाखवावं, हा यवतमाळात जरा अवघडच प्रश्न असतो. त्यातून त्या दिवशीचे पाहुणे साधे नव्हते. माझ्या मुलीसाठी नागपूरहून माणसं आली होती, मुलगा आणि त्याचे आईवडील. पोरांनी एकमेकांना आधीच पसंत केलं होतं. मोठ्यांनी घर बघायचं, माणसं बघायची आणि हो म्हणायचं, एवढंच उरलं होतं. एवढंच म्हणते खरी, पण त्या आठवड्यात मला त्याचीच धास्ती होती.

कारण फोनवर बोलताना मी बरंच काही मोघम ठेवलं होतं. माझे वडील महसूल खात्यात होते, असं सांगितलं होतं. खातं खरंच महसूल. फक्त तिथं वडिलांना खुर्ची नव्हती, साहेबांच्या दाराबाहेरचं स्टूल होतं. आईबद्दल तर चकार शब्द काढला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे माझं जुनं धोरण.

जेवणं झाली आणि मुलाच्या आईनंच विषय काढला. "तुमच्याकडे ते नवं निसर्ग उद्यान झालंय ना? येताना फाटक दिसलं. जाऊन येऊ या का?"

आता नाही कसं म्हणणार? ते उद्यान जुन्या जिनाच्या जागेवर आहे. कापसातून सरकी वेगळी काढायचा तो कारखाना बंद पडला, मग बरीच वर्षं तिथं नुसत्या बाभळी माजल्या होत्या. आता तळं आहे, देशी झाडं आहेत, फुलपाखरांसाठी लावलेली झुडपं आहेत. पाटीवर काहीही लिहा, लोक त्याला जिनातला बगीचाच म्हणतात. माझी आई त्या जिनात मजूर होती. माझं शिक्षण तिनं तिथं कापूस उपसून केलं.

"मले नाई यायचं," आई स्वयंपाकघरात हळूच म्हणाली.

"काहून?"

"काहून म्हन्जे? पाय दुखून राह्यले. तू ने त्यायले."

पाय कसले दुखताहेत! सकाळीच ती बाजारातून भाजी घेऊन पायी आली होती. पण तेवढ्यात बाहेरून मुलाच्या वडिलांनी "आजी, तुम्हीसुद्धा चला" म्हटलं, आणि मी तिला डोळ्यांनी दटावलं. तिनं मुकाट्यानं चपला घातल्या.

बगीचा सुरेख झाला आहे, खोटं कशाला बोलू. कापसाचे ढीग लागायचे तिथं आता तळं आहे. धुराडं तेवढं ठेवलं आहे आणि त्यावर वेल चढवला आहे. मुलाची आई खंड्या बघून लहान पोरीसारखी हरखली. आई सगळ्यांच्या मागून चालत होती. एका बाकाशी थांबून मुलाच्या आईनं तिलाच विचारलं, "आजी, आधी काय होतं हो इथं?"

आईनं तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "होता कुठलातरी कारखाना."

आई तळ्याकडे बघत राहिली.

निघताना फाटकाशी रखवालदार उभा होता. लोक रोपं उपटून नेतात म्हणून तो पिशव्या बघत होता. फाटक जुनंच आहे, जिनाचंच, फक्त हिरवा रंग दिलेला. आम्ही पर्सेस उघडून दाखवल्या. आईजवळ काहीच नव्हतं. ती पुढं झाली, खांद्यावरचा पदर काढून तिनं दोन्ही हातांनी झटकला, कमरेचा ओचा सोडून दाखवला, आणि मग दोन्ही हात मागे नेऊन अंबाडा सोडला. पांढरे केस पाठीवर मोकळे झाले. हात वर करून ती तशीच उभी राहिली.

"अवं मावशी, राहू द्या, राहू द्या," रखवालदार गडबडून म्हणाला.

मला एका क्षणात कळलं होतं. जिन सुटलं की बायांची अशीच झडती व्हायची. केसांत बोंडभर रुई तर लपवली नाही ना, हेही बघायचे. शाळेतून परत येताना याच फाटकाबाहेर उभी राहून मी ते कितीदा पाहिलं होतं. तिनं ते काही आठवून केलं नव्हतं. ते फाटक आलं आणि तिचे हात आपोआप वर गेले.

पाहुणे थबकले होते. मी तिचा दंड धरून तिला बाजूला ओढलं आणि मुलाच्या आईला म्हणाले, "वय झालंय हो तिचं. डोक्यात काही राहत नाही आताशा. मधूनच असं करते."

हे मी आईच्या देखत बोलले. ती बहिरी नाही.

"असू द्या, होतं असं," मुलाची आई मायेनं म्हणाली. आई केस बांधत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज आधी तिची वाटली होती, मग माझी वाटायला लागली. ती अजून गेलेली नाही.

घरी चहा झाला. मुलाचे वडील आईजवळ बसले आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "आजी, ओळखलं का आम्हाला?"

आईनं आधी माझ्याकडे बघितलं. चांगलं रोखून बघितलं. मग त्यांच्याकडे वळून भोळसट हसली. "नाई बा. राशनच्या दुकानातले हाय का तुमी?"

सगळे हळहळले. मी आत पळाले. ती कपबशा घेऊन मागून आली तेव्हा मी म्हटलं, "आई, चुकलं माझं."

"कायचं चुकलं? पोरीचं जमून राह्यलं ना? झालं तं मंग."

जमलं. महिन्याभरानं साक्षगंध झालं. त्यासाठी नातीचा शालू आईनंच पसंत केला होता, दुकानदाराशी तासभर घासाघीस करून. हॉलमध्ये मुलाची आई तिच्या पाया पडायला वाकली, तेव्हा आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "कोनाचं लगन हाय वं बाई?"

मुलाच्या आईनं कळवळून माझ्याकडे बघितलं. खरं काय ते सांगायला तेवढी एक वेळ होती. मी सुस्कारा सोडून मान हलवली.