शिळ्या सणाचं बंद दार

विणकामाचं यंत्र घ्यायची अवदसा मला आठवली, माझ्या नवऱ्याला नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी त्यांना नावं ठेवायला नकोत. १९६२ सालचा हिवाळा. आम्ही कोकणातले ज्यू, मुंबई सोडून इस्रायलात अश्दोदला येऊन वर्षही झालं नव्हतं. बिल्डिंगी नव्या, रस्ते अर्धे, बाकी सगळीकडे वाळू. हे मुंबईला गिरणीत फिटर होते, इथे सुताच्या कारखान्यात लागले. मला वाटलं, घरी बसून स्वेटर विणीन, चार पैसे येतील. एक विक्रेता दारात आला, यंत्र चालवून दाखवलं, आणि मी भुलले. अश्दोदच्या उकाड्यात वर्षातले किती दिवस स्वेटर लागतो, एवढा साधा हिशेब मला सुचू नये म्हणजे कमालच.

यंत्रासाठी बँकेचं कर्ज काढलं. बँकेला जामीन हवा होता. खालच्या मजल्यावर मुकादम राहायचे. ते मुंबईच्या गिरणीत मुकादम होते आणि ह्यांना तिथे त्यांनीच चिकटवलं होतं. इथे ह्यांच्याच कारखान्यात ते उतारवयात गोण्या उचलत, पण आम्ही सगळे त्यांना मुकादमच म्हणायचो. त्यांनी बँकेचा कागद वाचलासुद्धा नाही. "तुझ्यासाठी नाही करायची सही, तर कुणासाठी?" म्हणाले, आणि सही करून चहा पिऊन गेले.

सहा हप्ते नीट भरले. मग कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाला. माझे स्वेटर विकले गेले चार, त्यातला एक उधारीवर. आमचे हप्ते चुकायला लागले तशी बँक मुकादमांच्या पगारातून पैसे कापायला लागली. आम्हाला ते पगाराच्या दिवशी कळलं. मुकादम पाकिटातले पैसे पुन्हा पुन्हा मोजत होते, ते ह्यांनी पाहिलं आणि कारकुनाला विचारलं. मुकादमांनी मान वर केली, पाकीट खिशात घातलं आणि ह्यांना म्हणाले, "घरी बरं आहे ना सगळं?"

शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एका प्रश्नाने माझा नवरा खचला.

आमच्यात शब्बाथची, म्हणजे शनिवारची, प्रार्थना संपली की हातबोशी होते. एकाने दुसऱ्याचे हात दोन्ही हातांत घ्यायचे आणि आपली बोटं ओठांना लावायची, असं सगळ्यांत फिरत जातं. आधी वडीलधारे, मग बाकीचे. आमच्या प्रार्थनेच्या खोलीत मुकादम सगळ्यांत वडील. मी बायकांच्या बाजूने बघत असायची. पुढच्या शब्बाथला मुकादम हात पुढे करून वळले, तर हे जागेवर नव्हते. बाहेर नळावर हात धूत होते. त्याच्या पुढच्या शब्बाथला तेच. मग प्रार्थनेला जाणंच बंद झालं.

हात धुणं मात्र बंद होईना. ग्रीस लागलंय म्हणायचे. ग्रीस कसलं, तळवे सोलून लाल झाले होते. कामावरून येताना मुकादमांची खिडकी लागू नये म्हणून बिल्डिंगीच्या मागून, वाळूतून येत. जेवताना घास हातात तसाच राहायचा. झोप तर उडालीच होती. मी त्यांना ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरने तळव्यांना मलम दिलं, झोपेच्या गोळ्या दिल्या आणि नसा थकल्यात म्हणाला. मला असा राग आला. नसा कशाने थकल्यात, ते विचारशील की नाही, मेल्या?

"जा ना त्यांच्याकडे," मी रोज कटकट करायची. "दोन महिने थांबा म्हणून सांगा. ते काय खातायत तुम्हाला?"

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

"मग मी जाते."

"तू गेलीस तर मी या घरात दिसणार नाही."

एकदा म्हणाले, "मी नसतो तर ते यंत्रही नसतं नि हप्तेही नसते." समुद्र आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. मी हातातलं पातेलं जमिनीवर आपटलं आणि त्यांना वाटेल ते बोलले. आता कळतं, मी घाबरले होते. त्या दिवसापासून त्यांना यायला पाच मिनिटं उशीर झाला तरी मी मागच्या वाळूत जाऊन उभी राहायची.

मग १९६३चा किप्पूर, आमचा प्रायश्चित्ताचा दिवस, आला. आमची जुनी माणसं त्याला दारफाळणीचा सण म्हणतात. उपास धरायचा, पांढरे कपडे घालायचे आणि कोकणातल्यासारखं दार लावून घरात बसायचं. दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी दारं उघडतात, दानधर्म होतो, माणसं एकमेकांकडे जातात. ह्यांनी किप्पूरला आपण होऊन दार लावलं, तेव्हा मला बरं वाटलं. म्हटलं, देवाचं नाव घेतायत. पण शिळ्या सणाला सकाळी मी कडी काढायला गेले, तर हे कडीवर हात ठेवून उभे.

तेवढ्यात दार वाजलं. "मी आहे, मुकादम."

ह्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. नुसती मान हलवत होते. मी आतूनच म्हटलं, "हे घरात नाहीत."

दाराखालच्या फटीतली मुकादमांची सावली मागे सरली. मग म्हणाले, "बरं. येऊन गेलो म्हणून सांग." त्यांच्या चपला हळूहळू जिना उतरून गेल्या. आणि मला राग कुणाचा यावा, तर त्यांचा. सणाच्या दिवशीसुद्धा तगादा लावायला येतात, म्हटलं.

हिवाळ्यात मुकादम कामावर असताना छातीला हात लावून खाली बसले, ते उठलेच नाहीत. सात दिवसांच्या दुखवट्यात मी एकटीच त्यांच्या घरी गेले. मुकादमीणबाई जमिनीवर बसल्या होत्या. मला जवळ बसवून म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याचा राग गेला का गं?"

"राग कसला?"

"कारखान्यात चारचौघांत ह्यांच्या तोंडून निघून गेलं, बँक माझा पगार कापते म्हणून. ते तुझ्या नवऱ्याच्या कानावर गेलं, म्हणूनच तो हातबोशीला थांबत नाही, असं ह्यांनी मनाला लावून घेतलं होतं. शिळ्या सणाला माफी मागायला वर आले होते. परत आले ते जेवलेच नाहीत. म्हणाले, घरात होता गं, दाराच्या फटीतून पाय दिसत होते. पण उघडत नाही."

बाई रागाने बोलत नव्हत्या.

यंत्र निम्म्या किमतीत विकलं. मी संत्री पॅक करायच्या कामाला लागले. १९६४च्या उन्हाळ्यात शेवटचा हप्ता भरला आणि मुकादमांच्या पगारातून कापलेले सगळे पैसे बाईंच्या हातात नेऊन ठेवले. मला वाटलं, सुटलो. आता हे बरे होतील. त्या शब्बाथला मी त्यांना प्रार्थनेला घेऊन गेले. प्रार्थना संपली, हातबोशी सुरू झाली, आणि ह्यांनी आपण होऊन दोन्ही हात पुढे केले, मुकादम उभे राहायचे त्या बाजूला. तिथे कोणी नव्हतं. ते हात तसेच राहिले, शेवटी शेजारच्या कुणीतरी धरले.

त्यानंतरही हे कामावरून वाळूतूनच येत राहिले. मुकादम माफी मागायला आले होते, हे मी ह्यांना त्यांच्या मरणापर्यंत सांगितलं नाही. दाराआडून खोटं बोलले ती मी होते.

शिळ्या सणाला मी अजून उठल्या उठल्या दार सताड उघडते आणि जिन्याकडे तोंड करून बसते. मुलगी म्हणते, आई, वाळू येते आत. येऊ दे म्हणते मी.