रोज मोकळा परत जाणारा डबा

"हिमोग्लोबिन पाच पॉइंट आठ," डॉक्टरबाई रिपोर्ट वाचत म्हणाल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "जिने चढून आलीस?"

"हाव. मधी तीनदा बसले."

हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला तो घटक, जो अंगभर प्राणवायू पोचवतो. बायकांमध्ये तो बाराच्या आसपास असावा लागतो. माझा निम्म्याच्याही खाली आला होता. आजाराचं नाव 'सीव्हिअर ॲनिमिया', म्हणजे रक्ताची फार मोठी कमतरता. सोबत बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्वाचाही खडखडाट.

"कच्चे तांदूळ खातेस का गं?" त्यांनी विचारलं आणि मी दचकले. वाचताना मूठमूठ तांदूळ चावायचे, हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. रक्त कमी झालं की खडू, माती, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात, त्याला 'पायका' म्हणतात. मला हे माहीत नव्हतं. आणि मी लातुरात आले होते ती डॉक्टर व्हायला!

चार महिन्यांपासून क्लासचे जिने चढताना धाप लागत होती. तळपायाला मुंग्या यायच्या, पाठ केलेलं दुपारपर्यंत पुसलं जायचं. मला वाटलं, अभ्यासाचा ताण असेल. क्लासला येणारं प्रत्येक पोरगं तसंच समजतं, म्हणून मुद्दाम लिहून ठेवते.

आमचं घर मुखेडला. लहानपणापासून माझं खाणं तीन गोष्टींचं. पांढरा भात, बटाट्याच्या काचऱ्या आणि साखर लावलेली पोळी. डाळीला वास येतो, भाजी हिरवी असते, दही बुळबुळीत लागतं. नातेवाईक म्हणायचे, लाडावलीय पोरगी. पण ते नखरे नव्हते हो. नवा पदार्थ तोंडाजवळ आला की माझा घसाच मिटायचा.

आईनं कधी जबरदस्ती केली नाही. तिचं माहेर औसा तालुक्यातलं. भूकंपात गाव पडलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. पत्र्याच्या शेडमध्ये राहून, रांगेत ताटलीत पडेल ते गिळून तिनं कित्येक महिने काढले. "माझ्या लेकराला नको वाटलं ते मी खाऊ घालणार न्हाई," एवढंच ती म्हणायची.

लातुरात मेसचं जेवण मला जाणं शक्यच नव्हतं. म्हणून सकाळच्या एसटीनं मुखेडहून डबा यायचा. आई तो कंडक्टरच्या हवाली करायची, मी स्टँडवर उतरवून घ्यायचे आणि दुपारच्या गाडीनं मोकळा डबा परत पाठवायचे. आमच्याकडं शेकडो घरांचं असंच चालतं. मी जरा मोठी झालेय म्हणून आईनं काचऱ्यांसोबत मेथी, मटकी, वरण द्यायला सुरुवात केली. ते सगळं मी खोलीतल्या सारिकाला देऊन टाकायचे. सारिका देवणीची, तिला कशाचंच वावडं नाही. डबा मात्र मी लख्ख घासून पाठवायचे. दीड वर्ष.

मला दाखल करून घेतल्याचं कळताच आई धावतपळत दवाखान्यात आली आणि डॉक्टरांशी भांडायलाच लागली. "असं कसं हुईल? डबा तर रोज मोकळा येतोय की!"

मी भिंतीकडं तोंड केलं. सारिकाच रडत बोलली, "काकू, भाज्या मी खात होते."

आई ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्या सलाइनच्या हाताखाली टॉवेलची घडी सरकवली. तेवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या, इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टरबाईंनी अट घातली. "एक महिना. नऊच्या वर गेलं तर क्लास. न्हाई तर सामान बांधून मुखेड." आणि मग म्हणाल्या, "रोज नव्या पदार्थाचा एक घास. आवडला पाहिजे असं कुणी म्हणलं? नुसता खायचा. उद्या परत."

आवडलंच पाहिजे असं नाही, हे मला त्याआधी कुणी सांगितलंच नव्हतं.

मी आईला कबूल केलं की आता जे खाणार नाही ते डब्यात तसंच परत येईल. पहिला आठवडा डबा जवळजवळ भरलेला गेला. आई रोज फोन करायची. "जेवलीस?" "हाव." "सारिकाकडं दे फोन." लागायचं मनाला, पण दोष तिचा नव्हता. एकदा म्हणाली, "आज मटकी जरा कमी दिसली." तिच्या आवाजातला आनंद ऐकून मला रडू आलं.

मार्ग सारिकानं काढला. "तू सोता करून बघ. आत काय घातलंय ते ठावं असलं की भ्या कमी वाटतंय." खोलीतल्या छोट्या शेगडीवर पहिलं वरण करपलं. दुसरं पाण्यासारखं झालं, पण मी तीन घास खाल्ले. डाळ शिजताना बाजूला उभं राहिलं की तिचा वास अंगावर येत नाही, हळूहळू ओळखीचा होतो. एका रविवारी अंबाडीची भाजी केली. उकडली, पिळली, ज्वारीच्या कण्या घातल्या, वरून लसणाची फोडणी. आंबट चव मला आवडते, हे अठराव्या वर्षी कळलं. भाकरी मात्र अजून गोल येत नाही, आणि दही आजही नाक दाबूनच खाते.

तुमच्या घरी असं ताट दूर सरकवणारं कुणी असेल तर रागावू नका, पण मोकळ्या डब्यावर विश्वासही ठेवू नका. वेळीच रक्त तपासा.

महिन्यानं रिपोर्ट आला, नऊ पॉइंट चार. डॉक्टरबाई हसल्या, म्हणाल्या, "जा, क्लासला पळ." मी आधी खोलीवर गेले, अंबाडी केली आणि डबा भरून दुपारच्या गाडीत दिला.

संध्याकाळी आईचा फोन आला. आवाज रडवेला. "मने, डबा जड आलाय. आज काईच खाल्लं न्हाईस?"

"उघडून तर बघ."

झाकण वाजलं. मग बराच वेळ नुसता खाण्याचा आवाज.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली. नाक ओढल्याचं ऐकू आलं. "तू जेवलीस का?"

"हाव, हीच भाजी." मी सवयीनं फोन सारिकाच्या हातात दिला.

"तिला कशाला?" आई म्हणाली. "तू सांगितलंस न्हवं? बास."