खोपकरकाकांचं मत

खोपकरकाका कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले, की बसायच्या आधी खोली मोजायचे. चपला दाराशी काढायच्या, भिंतीला टाच लावायची आणि पावलापुढे पाऊल टेकवत समोरच्या भिंतीपर्यंत चालत जायचं. सौदीतल्या दम्मामला आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरचे हे गृहस्थ हातात सोलकढीची बाटली घेऊन आले, माझ्या हातात ती दिली आणि काही न बोलता आमचा हॉल चालायला लागले. मी आणि माझा नवरा प्रशांत एकमेकांकडे बघत राहिलो.

"बारा फूट," ते म्हणाले. "मालकाने किती सांगितलं?"

"पंधरा," प्रशांत म्हणाला.

"वाटलंच. कुणी मोजत नाही ना!"

दुसऱ्या दिवशी ते प्रशांतला घेऊन घरमालकाकडे गेले. त्यांचं अरबी वीस-बावीस शब्दांचं. त्यातला 'सगीर', म्हणजे लहान, हा शब्द त्यांनी दोन्ही हात जवळ आणत इतक्या वेळा म्हटला, की मालक हसायला लागला. भाडं काही कमी झालं नाही, पण हॉलमध्ये नवा एसी बसला. "यल्ला, चला, एवढं पुष्कळ झालं," काका म्हणाले.

ते मूळचे रत्नागिरीजवळचे. एका बांधकाम कंपनीत अंदाजपत्रकं करायचे. इमारत उभी राहण्याआधी तिला काय काय लागेल आणि ती किती खाईल, हे सांगणं त्यांचं काम. कुणी चढ्या आवाजात बोलायला लागलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "ओरडू नका, कागदावर या." बायकोलाही ते हेच सांगत. काकू म्हणत, "लग्नाला तीस वर्षं झाली, एक भांडण धड होऊ दिलं नाही या माणसाने. चिडले की हातात पेन्सिल देतात."

त्यांची खरी ओळख मात्र मला शाळेच्या प्रकरणात झाली. आमची मृण्मयी तेव्हा नववीत होती. शाळा एकच, पण मुलांची इमारत वेगळी; मुलींची शाळा एका भाड्याच्या इमारतीत भरायची. मुली वाढल्या तसे मैदानावर पत्र्याचे केबिन टाकून त्यात वर्ग भरवायला सुरुवात झाली. मे महिन्यात त्या केबिनचा एसी बंद पडला की आत भट्टी व्हायची. मृण्मयीच्या वर्गातली एक मुलगी गणिताच्या तासाला चक्कर येऊन पडली. मृण्मयी घरी येऊन म्हणाली, "आई, शी जस्ट फेल डाऊन. मिस वॉज क्रायिंग." त्या दिवशी मी जेवले नाही.

शाळेच्या समितीने मुलींसाठी नवी इमारत बांधायचं ठरवलं. शहराबाहेर दीर्घ कराराने जागा मिळत होती. कर्ज काढायचं आणि प्रत्येक मुलामागे सहा वर्षं जादा फी लावून ते फेडायचं, अशी योजना. पण शाळेच्या नियमाप्रमाणे त्यासाठी पालकांचं मतदान घ्यावं लागणार होतं. एका कुटुंबाला एक मत, आणि तिनातल्या दोघांचा होकार हवा. खोपकरकाका समितीवर होते. बांधकामातलं कळणारे एकटेच, म्हणून पालकांना समजावून सांगायचं काम त्यांच्याकडे आलं.

अध्यक्षांनी त्यांना इमारतीचं एक रंगीत चित्र दिलं होतं. पुढे खजुराची झाडं, मागे घुमटासारखं सभागृह. एवढं दाखवा, मतं पडतील, असं त्यांचं म्हणणं. काकांनी ते चित्र बाजूला ठेवलं आणि एक साधा तक्ता तयार केला. ज्यांचं मूल केजीत आहे त्यांना काय भरावं लागेल आणि काय मिळेल, सहावीतल्यांना काय, नववीतल्यांना काय. नववीच्या ओळीत लिहिलं होतं: फी शाळा सुटेपर्यंत, नवी इमारत फक्त बारावीला. तक्त्याखाली आणखी एक ओळ होती: नव्या शाळेच्या आसपासची घरभाडी वाढतील.

हा तक्ता त्यांनी आधी आमच्याकडे आणून दाखवला. "वाचा आणि समजतंय का सांगा," म्हणाले.

"भाड्याचं कशाला लिहिलंत?" मी विचारलं. "त्याचा शाळेशी काय संबंध?"

"आहे तर! आपल्याकडे गावात शाळा बांधली की घरपट्टी वाढते. इथे घरपट्टी नाही, म्हणून घरमालक वाढवतो. शाळा कुठेही बांधा वहिनी, पावती शेवटी घरीच येते. आधी सांगितलेलं बरं."

अध्यक्षांना ती ओळ मुळीच आवडली नव्हती. ती काढा, नाहीतर मतं जातील, असं त्यांनी तिथेच काकांना फोन करून सांगितलं; त्यांचा चढा आवाज आम्हालाही ऐकू येत होता. "जातील तर जाऊ देत," काका फोन ठेवून आम्हाला म्हणाले. "लपवून मिळवलेलं मत घेऊन मी काय करू?"

ते गेल्यावर प्रशांत म्हणाला, "भरायचं आपण आणि बसायचं दुसऱ्यांनी. आपलं मत विरोधात." मला ती पडलेली मुलगी आठवत होती, पण प्रशांतचा हिशेब चुकीचा आहे असंही म्हणता येईना.

शनिवारी सकाळी मुलांच्या शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. काकांनी तक्ता ओळीओळीने वाचून दाखवला, भाड्याच्या ओळीसकट. वाचून संपलं तेव्हा मागून हैदराबादचे रफीकसाब उठले. गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान सांभाळायचे, तीन मुली आमच्याच शाळेत.

"साब, आपका बच्चा तो मार्च में निकल रहा," ते म्हणाले. "आपको क्या देना है? कुछ नहीं. हमारे तीन हैं. तीनों का भरना हमको. आप आराम से हाथ उठाते!"

हॉलमध्ये एकदम गलका झाला. खरंच होतं ते. काकांचा ओंकार बारावीत होता. अध्यक्ष रफीकसाबना खाली बसायला सांगत होते, कुणी टाळ्या वाजवत होतं, कुणी शाळेवर तोंडसुख घेत होतं. काका माइकसमोरच होते. मला वाटलं, आता म्हणतील, कागदावर या. पण त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि आपल्या जगावेगळ्या हिंदीत म्हणाले, "तुम बरोबर बोलता है. जिसको भरने का नहीं, उसको मत देने का भी नहीं. मेरा मत मैं नहीं देगा." मग अध्यक्षांकडे वळून मराठीतच म्हणाले, "आणि हे मतदान आज नको. माझा तक्ता चुकलाय. तीन मुलांच्या घराची ओळच मी लिहिली नाही."

अध्यक्ष मराठी नव्हते, पण त्यांना सगळं कळलं. त्यांचा चेहराच सांगत होता.

पुढचे दोन आठवडे काका संध्याकाळी कामावरून आले की रफीकसाबांच्या घरी जाऊन बसत. एकदा काकूंनी केलेले घावणे घेऊन मीही गेले. जमिनीवर नकाशा पसरलेला, त्यावर चहाचे पेले, रफीकसाबांची धाकटी मुलगी नकाशाच्या कोपऱ्यावर बसलेली. काका प्रत्येक खोलीवर बोट ठेवून विचारत होते, "ये लगता है क्या? लड़की लोग को लगता है क्या?" वर्ग, होय. प्रयोगशाळा, होय. बोट त्या घुमटावर आलं. धाकटी म्हणाली, "अंकल, ये तो साल में एक बार लगता, एन्युअल डे को." दोघा मोठ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. काका गडगडून हसले. "खलास!" म्हणाले आणि घुमटावर आडवी रेघ मारली.

सभागृह गेलं आणि फीचा आकडा बराच खाली आला. तिसऱ्या मुलाची फी माफ करता आली. सभागृहाला कुणाचं तरी नाव द्यायचं अध्यक्षांनी ठरवलं होतं म्हणे; कुणाचं, ते आम्हाला कधी कळलं नाही, पण ते त्यानंतर काकांशी बरेच दिवस बोलले नाहीत. नव्या तक्त्यात तीन मुलांची ओळ आली. भाड्याची ओळ होती तिथेच राहिली.

मतदान मुलींच्या शाळेत झालं. मुद्दामच. रांग त्या केबिनच्या कडेने लावली होती. नऊ वाजताच पत्रा तापला होता. प्रशांतने केबिनचं दार उघडून आत डोकं घातलं आणि लगेच बाहेर काढलं. काही वेळ तो रुमालाने मान पुसत राहिला. मग मतपत्रिका माझ्या हातात देऊन म्हणाला, "तूच भर." मी त्याच्याकडे पाहिलं. "भर गं. आपलं एक वर्ष तर एक वर्ष." मी होकारावर खूण केली.

काका फाटकाशी खुर्ची टाकून बसले होते. येणाऱ्याला पाणी देत होते. त्यांनी मत दिलं नाही. समितीतल्या कुणीतरी सांगितलं, "अहो, नियमाने तुम्हाला हक्क आहे. एकेक मत मोलाचं आहे." काका म्हणाले, "नियमाने आहे. पण मी भर सभेत नाही म्हटलंय." दुपारी निकाल लागला. ठराव पास झाला, तोही अगदी काठावर. रफीकसाबांनी काकांना खुर्चीतून उठवून अशी मिठी मारली की काकांचा चष्मा खाली पडला.

पायाचं काम सुरू व्हायच्या आधीच काकांच्या कंपनीने माणसं कमी केली. इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, संपायला आला होता. साठीही जवळ आली होती. रफीकसाब आपली गाडी घेऊन त्यांना विमानतळावर सोडायला आले. तिन्ही मुली मागे सामानात दाटीवाटीने बसल्या होत्या. काकूंना रडू येत होतं आणि काका रफीकसाबांशेजारी बसून खिडकीतून प्रशांतला सांगत होते, "पाया खणताना तिथे उभे राहा. एक हात कमी खणतील हे लोक."

त्यानंतर दोन वर्षांनी, मृण्मयी बारावीत गेली तेव्हा, मुली नव्या इमारतीत गेल्या. आसपासची भाडी वाढली. आमचंही वाढलं. पण त्यावरून शाळेत जाऊन कुणी भांडल्याचं ऐकलं नाही. पहिल्या दिवशी मृण्मयी घरी आली आणि मी रत्नागिरीला फोन लावला. काकांचा आवाज थोडा म्हातारा झाला होता.

"कशी झालीय?" त्यांनी विचारलं.

"छान झालीय काका. साधीच आहे."

"ते राहू दे. दुपारी वर्गात ऊन येतं का?"

मी मृण्मयीला विचारलं. ती सफरचंद खात होती. "नो," म्हणाली, "इट्स ऍक्च्युअली कोल्ड. आय नीड अ स्वेटर."

मी ते तसंच सांगितलं. काका लगेच घरात आत तोंड करून जोरात ओरडले, "अगं ऐकलंस का? मुलींना थंडी वाजते म्हणे!"