न आलेल्या तेलाची चोरी

पोलीस खात्यातल्या नोकरीत शेकडो फिर्यादी हाताखालून गेल्या. पण बंगळुरातल्या राजाजीनगरच्या एका अगरबत्ती कारखान्याचे प्रकरण आठवले की आजही हसू येते.

तेव्हा मी आर्थिक गुन्हे पाहत होतो. कारखान्याच्या वयस्कर मालकांनी फिर्याद दिली होती: गोदामातले महागडे चंदनाचे तेल चोरीला गेले, संशय गोदाम सांभाळणाऱ्या कामगारावर. खरेदीची बिले होती, तेल नव्हते आणि किल्ली त्या एकट्याकडे. मालकांनी त्याला कामावरून दूर केले होते. तोटा असाच राहिला तर कारखाना बंद करणार, असेही ते म्हणत. म्हणजे अगरबत्त्या वळणाऱ्या बायकांचे कामही जाणार.

गोदामवाला शिवाजीनगरचा, पिढ्यान्‌पिढ्या बंगळुरात राहिलेल्या मराठी घरातला, माझ्यासारखाच. चौकशीत खोटे बोलणारा माणूस सहसा फार बोलतो. हा एकच वाक्य बोलायचा.

"साहेब, जे आलंच नाही ते मी कसं नेऊ?"

"मग माल मिळाल्याच्या पावतीवर तुझी सही कशी?"

"सही माझी नाही. पण ऐकतंय कोण?"

अशातच ठाण्यात एका बाईचा फोन आला. नाव सांगितले नाही. "अण्णा, तो माणूस चोर नाही. खरेदी कोण बघतं, ते स्वल्प विचारा की!" एवढे बोलून तिने फोन ठेवला. खरेदी मालकांचा पुतण्या बघत होता.

अटकेसाठी मालकांचा तगादा होता. मी वरिष्ठांकडून थोडी मुदत घेतली आणि एका फॉरेन्सिक अकाउंटंटची मदत मागितली. नेहमीचा हिशेबतपासनीस आकडे जुळतात का ते पाहतो. हे लोक जुळलेले आकडे खरे आहेत का ते पाहतात, तेही न्यायालयात टिकेल असे. आल्या त्या पुण्याहून बंगळुरात स्थायिक झालेल्या एक बाई. मोठ्याने हसणाऱ्या आणि खाण्याच्या शौकीन. त्यांनी आल्या आल्या मला विचारले, "सर, चोरी झाली हे कशावरून? आधी माल आला होता हे तरी सिद्ध होतंय का?"

त्या कारखान्यात बायकांशेजारी बसल्या, हमालांशी गप्पा मारल्या. संध्याकाळी त्या ठाण्यात आल्या तेव्हा अंगाला मोगऱ्याच्या अगरबत्तीचा वास येत होता.

"सर, बांबूच्या काड्या आल्या, हमाली दिली. कोळशाची पूड आली, हमाली दिली. या तेलाच्या पिंपांची हमाली एकदाही नाही. लॉरीचं भाडंही नाही. तेल काय स्वतः चालत आलं?"

माझे हवालदार खो खो हसले. मीही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बिलावरच्या पत्त्यावर शिवाजीनगरला गेलो. अरुंद जिना, वर एक खोली, खोलीत तीन शिंपी ब्लाउज शिवत बसलेले. त्यांनी तेलाचा व्यापारी कधी पाहिलाच नव्हता. बाईंनी तिथेच एकाला विचारले, "दिवाळीपर्यंत शिवून द्याल?" मग फोटो आणि पंचनामा झाला. पुढे बँकेकडून त्या पुरवठादाराच्या खात्याचे उतारे मागवले. मालकांनी तेलापोटी दिलेली रक्कम तिथून फिरून पुतण्याच्याच खात्यात उतरत होती.

पुतण्याला बोलावले. ऐटीत आला.

"पुरवठादाराकडे स्वतः जाता?" मी विचारले.

"नेहमी. माल बघितल्याशिवाय मी घेत नाही."

"गोदाम कसं आहे?"

"मोठं आहे. लॉरी सरळ आत जाते."

मी जिन्याचा फोटो पुढे ठेवला. शेजारी बसलेल्या बाई शांतपणे म्हणाल्या, "या जिन्यावरून लॉरी कशी चढवता, तेवढं शिकवा आम्हाला."

त्याने पाणी मागितले. ग्लास संपायच्या आत कबुलीला सुरुवात केली; पावत्यांवर गोदामवाल्याची खोटी सही करणाराही तोच. पोलिसांपुढची कबुली न्यायालयात चालत नाही, त्यामुळे आमची भिस्त पुराव्यावरच होती. खटल्यात आरोपीच्या वकिलाने बाईंना गाठले. "तुम्ही तेव्हा गोदामात होता का? मग तेल आलं नाही, हे कसं सांगता?"

"मी नव्हते. पण आणणारा, उतरवणारा, विकणारा, यांतला कुणीही नव्हता. फक्त पैसे घेणारा होता." न्यायाधीशांनी मान खाली घालून लिहायला घेतले, पण ओठांवरचे हसू आम्हाला दिसले. शिक्षा झाली. पुतण्याची मालमत्ता विकून बरीच रक्कम परत आली आणि कारखाना चालू राहिला.

पण मला जास्त आठवतो तो त्याआधीचा दिवस. आरोपपत्रात गोदामवाल्याचे नाव नव्हते आणि तो कामावर परतला. मुद्दाम मीही गेलो होतो. बायकांनी त्याला ओवाळले. एकीने त्याच्या तोंडात अख्खा म्हैसूरपाक कोंबला. मालक सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "चुकलं माझं."

तोंडातला घास कसाबसा गिळत तो म्हणाला, "सरी, बिडा मालक, सोडून द्या. आधी गोदाम उघडू द्या, उशीर झालाय."

त्या प्रकरणाने मला शिकवले की तपास म्हणजे नुसता गुन्हेगाराचा पाठलाग नव्हे. एखाद्याची गेलेली अब्रू शोधून त्याच्या हाती परत देणे, हाही तपासच. परतताना बायकांनी माझ्या जीपमध्ये अगरबत्त्यांचा पुडा टाकला. नियमाप्रमाणे मी त्याचे पैसे दिले, आणि जन्मात प्रथमच पोलीस ठाण्यात आठवडाभर मोगरा दरवळला.