हातकणंगल्याला येणारी जाळी

काही किस्से बातमीत बसत नाहीत. संपादक ते कापतो आणि ते आपल्याकडेच साठत जातात. हातकणंगल्याजवळच्या मल्लाप्पांच्या शेडचे माझ्याकडे असेच साठलेत. मच्छीमारांनी टाकलेली, समुद्रातून ओढून काढलेली जाळी कोकणातून तिथं येतात. बायका ती निवडतात, धुतात. मग मशीन त्यांचे तुकडे करून, वितळवून प्लॅस्टिकचे दाणे पाडतं.

*

पहिल्यांदा गेलो तो भांडायलाच. बायकांना ग्लोव्ह्ज नव्हते, बोटं चिरलेली. सरकारी ऑफिसात तक्रार नेली, तर साहेब म्हणाला, "कोल्हापूरला समुद्रच नाही. मग समुद्राच्या कचऱ्याची तक्रार घेऊ कशी?"

छापलं की मी, साहेबाच्या नावासकट! ग्लोव्ह्ज आले.

*

सुनंदानं ते घातले नाहीत. ती मालवणकडची, जाळ्यांच्या ट्रकवाल्याशी लग्न करून इकडं आलेली. तिचा थोरला भाऊ काही वर्षांपूर्वी होडीसकट बेपत्ता झाला. तो डावखुरा. जाळं शिवताना त्याची गाठ उलटी पडायची. म्हणून प्रत्येक जाळं मशीनला देण्याआधी सुनंदा उघड्या बोटांनी चाचपायची.

मशीन रिकामं फिरतंय म्हणून मल्लाप्पा ओरडायचे.

"फिरू दे की मालक," ती म्हणायची. "एकदा आत गेलं की भाऊबी दाणाच."

*

कुंपणावर वाळत घातलेल्या जाळ्यांत रोज पाखरं अडकून मरायची. साळुंक्या, बगळे, एकदा घुबड. मल्लाप्पांनी जाळी जमिनीवर पसरली, तर साप अडकला. मी चिडून जाब विचारला.

"पावणं, मी काय करू? जाळ्यांनीच अजून धंदा सोडला न्हाय."

*

धुण्याच्या हौदातलं पाणी दुपारी वीतभर उतरायचं. प्लंबरला गळती सापडेना. सुनंदा मान वर न करता म्हणाली, "ओहोटी हाय. सांच्याला भरंल."

नळ बंद होता. मी काठावर बसून राहिलो. भरलं.

*

यंदा मल्लाप्पांनी त्या दाण्यांची दोरी काढायला घेतली. पोपटी रंगाची. पहिली रिळं अजून शेडमध्येच होती, एकही बाहेर गेलं नव्हतं. तेवढ्यात ट्रक आला. त्यात एक जाळं होतं, शेवाळानं आणि शिंपल्यांनी जड झालेलं.

सुनंदाची बोटं थांबली. उलटी गाठ. शेजारी दुसरी. फाटलेला भाग तशाच गाठींनी अर्ध्यापर्यंत शिवत आणलेला. मल्लाप्पांनी स्वतः जाऊन मशीन बंद केलं.

मी एका गाठीवरचा शिंपला नखानं काढला. आतला धागा पोपटी होता. मल्लाप्पांनी रीळ आणून शेजारी धरलं. तीच दोरी.

सुनंदानं हात पुढं केला. "मालक, आणखी एक रीळ द्या. अर्धंच शिवून झालंय त्येचं."