पॅकिंग पुन्हा गेलं

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एका दूध संघाकडे जनावरांचा डॉक्टर होतो. राहायला कोल्हापुरात आणि फिरती राधानगरीच्या रस्त्यावरच्या गावांत. मोटरसायकल माझी स्वतःची, जुनी घेतलेली. एका हिवाळ्यात सकाळी ती सुरू केली, की इंजिनाजवळून टिकटिक ऐकू यायला लागली. गाडी तापली की आवाज थांबायचा, म्हणून मी तिकडे लक्ष दिलं नाही. उन्हाळा सरेपर्यंत त्या टिकटिकीचा फटफटाट झाला होता.

इंजिनातला धूर एका वाकड्या नळीतून सायलेन्सरकडे जातो. तो बेंड पाईप. त्याच्या तोंडाशी, इंजिनाला जिथे तो दोन नटांनी आवळलेला असतो तिथे, एक चपटं कडं बसवतात. आमच्याकडे त्याला पॅकिंग म्हणतात. ते खराब झालं की धूर तिथूनच फुटतो. माझ्या उजव्या नडगीवर तो गरम झोत सतत लागायचा, आणि पँटवर तेवढ्याच जागी काळा पट्टा उमटायचा. बायको म्हणायची, "डाग काढून काढून माझे हात गेले. आधी ती गाडी नीट करून आणा."

मी गाडी घराजवळच्या मिस्त्रीकडे नेली. त्याने बसल्या जागी कान देऊन सांगितलं, "पॅकिंग गेलंय." पुढचे दोन नट सोडले, बेंड पाईप खाली ओढला, जुनं कडं खरवडून नवं घातलं, नट आवळले. माझा चहा संपायच्या आत गाडी तयार. येताना इतकी गप्प चालली, की मला माझ्याच हॉर्नची लाज वाटली.

पंधरवडाही टिकलं नाही. पुन्हा गेलो, "पॅकिंग बदला" म्हणालो. पुन्हा तेच दोन नट, तेच कडं. तिसऱ्या खेपेला तो वैतागून म्हणाला, "साहेब, रस्ताच खराब हाय तुमचा. त्याला मी काय करू?" मग मी मिस्त्री बदलला. दुसऱ्याने आधी पहिल्याला शिव्या घातल्या, हलका माल वापरला म्हणाला, आणि तांब्याचं पॅकिंग बसवलं. तेही गेलं. तिसऱ्याने दोघांनाही शिव्या घातल्या, इंजिनाचं डोकं उघडायला लावलं, आतलं मोठं पॅकिंगही बदललं. भोगावतीच्या पुलापर्यंत गाडी गप्प होती. परतीच्या वाटेवर फट फट फट.

आवाजाचा त्रास मी एकट्याने सोसला असता. पण माझं काम गोठ्यांत. डोंगराकडेच्या एका गावात एक चाळिशीची बाई होती. तिचा नवरा इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला, घरी ती, सासू आणि तीन म्हशी. एकदा ती धार काढत असताना मी गाडी थेट अंगणात नेली. म्हैस बिथरली, लाथ मारली, कळशी आडवी. सगळं दूध शेणात गेलं. त्या बाईने आवाजही चढवला नाही. पदराने हात पुसत म्हणाली, "डाक्टर, उद्यापासनं ही तुमची फटफटी तिकडं शाळंपाशी लावायची. हितवर चालत यायचं. माझं जनावर पान्हा चोरतंय."

तेव्हापासून मी शाळेपाशी गाडी लावून, औषधांची पेटी उचलून, चिखलातून वर चढायचो. बाकीच्या गावांतही हळूहळू हेच सुरू झालं. लोक लांबूनच ओळखायचे आणि हात करून थांबवायचे. कुणी हसायचे, मला मात्र हसू यायचं नाही. बारा गावं फिरायची, आणि प्रत्येक ठिकाणी अर्धी चढण पायी.

एका रविवारी मी ठरवलं, आता कुणाकडे जायचं नाही. अंगणात पोतं अंथरलं, पाना घेतला, नवं पॅकिंग आणलं. कडं बसलं, पाईप बसला. नट आवळताना वाटलं, हे सगळे मिस्त्री ढिलं ठेवतात म्हणून फुटतंय. अजून एक पिळा देऊ. पिळा दिला आणि हातातला पाना एकदम मोकळा फिरला. नट ज्या खिळीवर बसतो तो स्टडच इंजिनाच्या तोंडाशी मोडला होता. अर्धा आत, अर्धा माझ्या हातात. पाना मी तुळशीपलीकडे फेकला. बायको दारात आली, बघितलं, पाना उचलून पायरीवर ठेवला आणि आत गेली. तिने काहीतरी बोलायला हवं होतं असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच फोन आला. त्याच बाईच्या गावच्या दूध संस्थेतून सचिव बोलत होता. तिची म्हैस अडली होती. "लगेच या. पाय दिसतोय, पर डोकं न्हाय."

गाडी अंगणात लुळी पडलेली. शेजाऱ्याकडे मागायला गेलो तर तो गाडी घेऊन पेठ वडगावच्या बाजाराला गेलेला. स्टँडवर गेलो. राधानगरीची एसटी लागली, भरली, आणि ड्रायव्हर येईपर्यंत तशीच उभी राहिली. पुढे सगळी वाट पाऊस. फाट्यावर उतरून मी पेटी डोक्यावर घेऊन पळत सुटलो. म्हशीजवळ पोचलो तेव्हा ती आडवी पडली होती. रेडकाची मान मागे वळलेली. हात घालून मान सरळ केली, दोर लावला, गावातल्या दोघांनी माझ्याबरोबर ओढलं. रेडकू बाहेर आलं ते मेलेलंच. अंग अजून गरम होतं.

म्हैस वाचली. तिला सलाईन लावून मी तिथेच गोठ्यात बसलो. ती बाई रेडकावर पोतं टाकून आली आणि म्हणाली, "गाडी कुठं हाय तुमची?"

"मोडलीय."

"एवढे दिवस नको म्हणत हुतो तर रोज आणत हुतासा. आज पायजे हुती तर न्हाय." एवढं बोलून ती पाणी तापवायला गेली.

तिच्यावर मी चिडू शकत नव्हतो. मिस्त्र्यांवर मात्र चिडलो होतो, तिघांवरही. त्याच तिरीमिरीत दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून गाडी उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे नेली. मोडका स्टड भोक पाडून काढावा लागणार होता. तो म्हणाला, "सायलेन्सर आडवा येतोय. सगळा उतरवू." पुढचा उरलेला नट त्याने सोडला. मागचा बोल्ट गंजून बसला होता, म्हणून तो करवतीने कापायला घेतला. बोल्ट अर्धाही कापला नव्हता, तोच सायलेन्सर आपोआप खाली पडला. ज्या पट्टीने तो मागे गाडीला धरलेला असतो, ती पट्टी बोल्टासकट गाडीलाच राहिली. तिचं वेल्डिंग कधीचं तुटलेलं. चिखलाचा थर होता म्हणून कुणाला दिसलं नव्हतं. इतके महिने सायलेन्सरचं सगळं ओझं पुढच्या त्या दोन नटांवर लोंबत होतं, आणि प्रत्येक खड्ड्यात पॅकिंग चिरडत होतं.

पट्टीला वेल्डिंग केलं, नवा स्टड, नवं पॅकिंग. मी शेवटचं जळकं कडं खिशात घालून पहिल्या मिस्त्रीकडे गेलो आणि भांडायच्या तयारीनेच त्याला सगळं सांगितलं.

त्याने ऐकून घेतलं. "मागचा बोल्ट आमी सोडतच न्हाय. गंजल्याला असतोय, मोडतोय, मग गिऱ्हाईक बोंबलतंय. तुमी पॅकिंग बदला म्हटलासा, मी बदललं. आवाज का येतोय असं इचारलासा काय?"

मी म्हणालो, "ते तू सांगायचं असतं."

"व्हय, सांगायचं असतं," तो म्हणाला आणि दुसऱ्या गाडीकडे वळला. भांडण तिथेच संपलं. मला ते आणखी करायचं होतं.

गाडी त्यानंतर कित्येक वर्षं नीट चालली. त्या बाईकडे म्हैस बघायला मी दोनदा गेलो. तिने चहा दिला. पुढच्या वर्षी तिची म्हैस गाभण राहिली, तेव्हा तिने शेजारच्या गावातला खाजगी डॉक्टर धरला. रस्त्यात भेटली तेव्हा स्वतःहूनच म्हणाली, "तुमचं काम चांगलं हाय. पर त्यो जवळ ऱ्हातोय." आणि वैरणीचा भारा सावरत पुढे गेली.