वादीमामांची अट

कातड्याच्या वाद्या कापून चाबूक वळणारे वादीमामा प्रत्येक चाबूक विकायच्या आधी स्वतःच्या मांडीवर ओढून बघत. मुरबाडच्या बाजारात लोक हसत. मामा म्हणत, "बैलाला बोलता येत नाय, म्हणून मीच इचारून घेतो."

म्हशाच्या जत्रेत त्यांच्या पालापाशी मुंबईचं एक जोडपं थांबलं, दोघंही चाळिशीची. मी शेजारीच बसलो होतो. चाबूक हवा, पण बैलासाठी नको, असं बाईंनीच सांगितलं. नवराबायकोच्या खेळासाठी हवा, दोघांच्या मर्जीचा. मी मान खाली घातली. मामांनी एवढंच विचारलं, "पडणार कोनाच्या अंगावर?"

"माझ्या."

"मग तुमी निवडा. हे गप बसतील."

पुढे त्या जोडप्याच्या ओळखीचे आणखी काही येऊ लागले. बारीक एकेरी वादी डसते, वळ उठवते. म्हशीच्या कातड्याचा रुंद पट्टा आवाज मोठा करतो. बकरीच्या मऊ कातड्याच्या वीस वाद्यांचा झुपका नुसता जड पडतो, अंग रगडल्यासारखा. हे सारं मामा हातात देऊन समजावत आणि प्रत्येकाला बजावत, "कण्यावर नाय, कमरेच्या खळग्यात नाय. आन ती थांब म्हनली का थांबायचं."

एकदा वैशाखरे गावचा एक जण एकटाच आला. बायकोला सरळ करायला पट्टा द्या म्हणाला.

"तिला घेऊन ये. ती मागंल तर देतो."

तो शिव्या देत गेला आणि आमच्या गावभर सांगत सुटला, मामा बायका मारायचे पट्टे विकतो.

गावाची बैठक बसली. पुढारी मी होतो. खरं काय ते मला ठाऊक होतं. गिऱ्हाइकांची नावं सांगा म्हटल्यावर मामांनी एकही नाव दिलं नाही, फक्त माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "दुकान बंद करा."

मामा धरून तिथे आम्ही अकरा पुरुष होतो. बायकोवर कधीच हात न उचललेले एकटे मामा. दहांत मीही आलो. हे वाचून कुणाला राग आला तर खुशाल यावं, मी घरीच असतो.

मामा आटगावला लेकीकडे गेले. पाच वर्षांनी मी तिथे माफी मागायला गेलो. ते खाटेला खिळले होते, पण जीभ तीच.

"माझी कशाला मागतोस रे? मी तुझा मार खाल्लाय का? घरी जा."

घरी आलो. बायको तांदूळ निवडत होती. तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "चुकलो मी. आयुष्यभर चुकलो."

सूप न थांबवता ती म्हणाली, "मामांनी धाडलं ना?"